विश्लेषण : ‘आमच्याकडे तर चालतंय!’ एका ब्राउझरमध्ये उघडणारे संकेतस्थळ दुसऱ्यात का अडते?

ऑनलाइन अर्जाचा शेवटचा दिवस. मुलीच्या अँड्रॉइड फोनवर अर्ज व्यवस्थित उघडतो, वडिलांच्या जुन्या आयफोनवर मात्र त्याच पत्त्यावर नुसता पांढरा पडदा. हेल्पलाइनला फोन लावला की ठरलेले उत्तर मिळते, ‘आमच्याकडे तर चालतंय, सर्व्हरवर लोड असेल, थोड्या वेळाने बघा.’ अनेकदा सर्व्हर ठणठणीत असतो आणि नेटवर्कही पूर्ण असते. बिनसलेले असते ते संकेतस्थळाचा कोड आणि फोनमधला ब्राउझर यांच्यात. हा दोष थोड्या वेळाने आपोआप जात नाही. कोणीतरी बसून तो शोधावा लागतो. तो शोधतात कसा आणि तोपर्यंत आपण काय करायचे, याविषयी…

ब्राउझर वेगळे म्हणजे नेमके काय वेगळे?

प्ले स्टोअरवर डझनावारी ब्राउझर दिसतात, पण आतली इंजिने मोजकीच आहेत. संकेतस्थळाचा कोड वाचून पडद्यावर पान उभे करण्याचे काम हे इंजिन करते. क्रोम, एज, ऑपेरा आणि सॅमसंग इंटरनेट यांच्या आत ‘ब्लिंक’ हे इंजिन आहे. सफारीत ‘वेबकिट’ आणि फायरफॉक्समध्ये ‘गेको’. ब्लिंक आणि वेबकिट ही तशी एकाच घरातली भावंडे. गूगलने २०१३ मध्ये वेबकिटपासून फारकत घेऊन ब्लिंक वेगळे काढले, तेव्हापासून दोघांची चूल वेगळी. मायक्रोसॉफ्टने तर स्वतःचे इंजिन सोडून जानेवारी २०२० मध्ये एज ब्राउझर गूगलच्या पायावर आणला आणि इंटरनेट एक्सप्लोरर ११ ला जून २०२२ मध्ये निरोप दिला.

आयफोनची गोष्ट निराळी. ॲपलच्या नियमामुळे आयफोनवरचा क्रोम हा नावाला आणि दिसायला क्रोम असतो, आत वेबकिटच असते. युरोपीय संघातील आयफोनना मार्च २०२४ मधील आयओएस १७.४ पासून दुसऱ्या इंजिनांची मुभा मिळाली. भारतातल्या फोनना ती लागू नाही. त्यामुळे ‘सफारीत चालत नाही ना, मग क्रोम टाका’ हा सल्ला अँड्रॉइडधारकाने आयफोनधारकाला दिला तर त्याचा बहुधा उपयोग होत नाही.

वेबची भाषा कशी असावी याची प्रमाणके सार्वजनिक आहेत. पण एखादी नवी सोय प्रमाणात आली म्हणून ती सगळ्या इंजिनांत एकाच दिवशी येत नाही. काही बाबी प्रमाणात स्पष्टच केलेल्या नसतात, तिथे प्रत्येक इंजिन आपापल्या समजुतीने वागते. तारखेचे घ्या. अनेक डेटाबेस तारीख आणि वेळ यांच्यामध्ये एक मोकळी जागा सोडून ती साठवतात. प्रमाणानुसार त्या जागी इंग्रजी ‘टी’ हे अक्षर हवे. क्रोमने मोकळी जागाही चालवून घेतली. सफारीने कित्येक वर्षे त्याच तारखेला ‘अवैध’ म्हटले. नियमाला धरून दोघेही बरोबर होते. क्रोमवर काम करणाऱ्या प्रोग्रॅमरला मात्र आपण अर्धवट तारीख लिहितो आहोत, याचा पत्ताच लागत नसे.

एका चिन्हाने पूर्ण पान कोरे कसे होते?

अर्जात मोबाइल क्रमांक दहा आकडीच आहे का, ई-मेलचा पत्ता नीट आहे का, हे तपासायला प्रोग्रॅमर अक्षरांचा एक साचा लिहितात. त्याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. या साच्यात ‘लुकबिहाइंड’ नावाची सोय आहे : समोरच्या अक्षराआधी काय आले आहे ते मागे वळून पाहणे. उदाहरणार्थ, रुपयाच्या चिन्हानंतर आलेलेच आकडे उचल, बाकीचे सोड. क्रोममध्ये ही सोय २०१७ मध्ये आली, फायरफॉक्समध्ये २०२० मध्ये. सफारीत ती पोहोचायला मार्च २०२३ मधली १६.४ ही आवृत्ती उजाडली.

मधल्या पाच वर्षांत काय होत होते? जावास्क्रिप्टची फाइल चालवण्याआधी ब्राउझर ती आधी अथपासून इतिपर्यंत वाचतो. व्याकरणात न बसणारे एक चिन्ह जरी सापडले तरी तो पूर्ण फाइल बाजूला ठेवतो. त्यातली एकही ओळ चालत नाही. आजची अनेक संकेतस्थळे अशी बांधलेली असतात की मथळ्यापासून बटणापर्यंत सगळे पान जावास्क्रिप्टच रंगवते. फाइल नाकारली की रंगवणाराच नाही, म्हणून पांढरा पडदा. वापरकर्त्याला कोणताही संदेश दिसत नाही. सफारीच्या कन्सोलमध्ये मात्र लाल अक्षरांत ‘इनव्हॅलिड ग्रुप स्पेसिफायर नेम’ अशी एक ओळ उमटलेली असते.

यात खरी मेख अशी की तो साचा संकेतस्थळ बनवणाऱ्याने स्वतः लिहिलेला असेलच असे नाही. तयार मिळणाऱ्या एखाद्या लायब्ररीच्या नव्या आवृत्तीतून तो गुपचूप आत येतो. नवा कोड जुन्या ब्राउझरसाठी सोपा करून देणारी साधने असतात, पण लुकबिहाइंडपुढे त्यांचाही इलाज चालत नाही. आणि आयफोनवर सफारी ही आयओएसबरोबरच अद्ययावत होते. आयफोन ७ सारखे फोन आयओएस १५ वरच थांबले, त्यामुळे तिथे सफारी १६.४ कधीच येणार नाही. फोन धडधाकट आहे, पण त्याच्यापुरते ते संकेतस्थळ बंद. अँड्रॉइडवर क्रोम प्ले स्टोअरमधून स्वतंत्रपणे अद्ययावत होतो, म्हणून तिथे हा प्रश्न सौम्य आहे. मात्र तिथेही मर्यादा आहेच. अँड्रॉइड ७ साठी क्रोम ११९ ही शेवटची आवृत्ती ठरली.

पैसे गेले आणि ‘पुन्हा लॉगिन करा’ असे का येते?

या वेळी गडबड क्रोमकडून होती, सफारीकडून नव्हे. देवळाबाहेर चपला ठेवल्या की बिल्ला मिळतो. लॉगिन केल्यावर संकेतस्थळ असाच एक बिल्ला ब्राउझरकडे देते, त्याला कुकी म्हणतात. पुढच्या प्रत्येक पानावर ब्राउझर हा बिल्ला दाखवतो, म्हणून संकेतस्थळ आपल्याला ओळखते. शुल्क भरताना आपण बँकेच्या पानावर जातो आणि ओटीपी टाकल्यावर परत येतो. परत येताना बँक किंवा पेमेंट गेटवे अनेकदा व्यवहाराचा निकाल एका फॉर्ममध्ये भरून ब्राउझरच्या हातून पाठवतो.

फेब्रुवारी २०२० मध्ये क्रोम ८० आला आणि त्यात एक नियम टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागला. कुकीवर ‘सेमसाइट’ ही खूण नसेल, तर दुसऱ्या संकेतस्थळावरून असा फॉर्म घेऊन येताना ती कुकी पाठवायची नाही. हेतू चांगला होता. दुसऱ्याच्या नावावर परस्पर कारभार करणाऱ्या बनावट संकेतस्थळांना त्यामुळे आळा बसतो. पण बँकेतून परतणारा विद्यार्थीही ‘दुसऱ्या संकेतस्थळावरून येणारा’च असतो. तो परत आला तेव्हा त्याचा बिल्ला सोबत नव्हता. सर्व्हरने त्याला ओळखले नाही आणि लॉगिनचे पान दाखवले. खात्यातून पैसे गेलेले, अर्जावर ‘शुल्क बाकी’.

चाचणीत हे पकडले का गेले नाही? कारण क्रोमने संक्रमण सोपे जावे म्हणून एक सवलत ठेवली होती. कुकी दिल्याला दोन मिनिटे झालेली नसतील, तर ती अशा परतीच्या वेळीही पाठवली जाई. चाचणी करणारा माणूस लॉगिन करतो, नमुन्याचे कार्ड टाकतो आणि मिनिटभरात परत येतो. त्याच्याकडे सगळे चालते. प्रत्यक्ष अर्जदार वीस मिनिटे अर्ज भरतो, कार्ड शोधतो, ओटीपीची वाट पाहतो. त्याच्याकडे चालत नाही. ‘आमच्याकडे तर चालतंय’ हे हेल्पलाइनवरचे वाक्य अशा वेळी शब्दशः खरे असते आणि म्हणूनच ते ऐकून घेणे जास्त चिडचिडीचे वाटते.

यावरचा उपाय होता कुकीवर ‘सेमसाइट नन’ अशी स्पष्ट खूण करण्याचा. ती केली की क्रोम सुरळीत. पण आयओएस १२ मधल्या सफारीत एक जुना बग होता. ‘नन’ हा शब्द तिला कळत नसे आणि न कळलेल्या शब्दाचा अर्थ ती ‘सर्वांत कडक’ असा घेत असे. म्हणजे क्रोमला बरे करणारे औषध जुन्या आयफोनला बाधणारे. मग अनेकांना ब्राउझर ओळखून एकाला एक कुकी आणि दुसऱ्याला दुसरी, अशी कसरत करावी लागली. करोनाची टाळेबंदी सुरू झाली तेव्हा बँका, किराणा, आरोग्य आणि सरकारी सेवांची संकेतस्थळे यामुळे अडू नयेत म्हणून गूगलने ३ एप्रिल २०२० रोजी हा बदल तात्पुरता मागे घेतला आणि जुलैत पुन्हा सुरू केला. एका ब्राउझरमधल्या एका डिफॉल्टचा पसारा किती असतो, ते यावरून लक्षात यावे.

खरे तर पैसे जमा झाल्याची बातमी वापरकर्त्याच्या ब्राउझरच्या भरवशावर ठेवायलाच नको. पेमेंट गेटवेचा सर्व्हर संकेतस्थळाच्या सर्व्हरला थेट कळवू शकतो. ही सोय बहुतेक गेटवे देतात. ती जोडलेली असेल, तर वाटेत फोन बंद पडला तरी शुल्काची नोंद होते. पैसे गेले की नाही हे ज्या अर्जात केवळ परतीच्या पानावरून ठरते, तो अर्ज कच्चा बांधलेला आहे, असे म्हणायला हरकत नाही.

मराठीत ठेवलेल्या फोनवर वेगळेच काय घडते?

कधी कधी इंजिनही तेच असते, आवृत्तीही तीच, तरी एका फोनवर अर्ज चालतो आणि दुसऱ्यावर नाही. फरक असतो तो फोनच्या भाषेचा. तारीख ‘वापरकर्त्याच्या पद्धतीने’ लिहून देणारी एक सोय जावास्क्रिप्टमध्ये आहे. भाषा इंग्रजी असेल, तर ती इंग्रजी आकडे देते. हिंदी असेल तरी इंग्रजीच आकडे देते. मराठीसाठी मात्र आंतरराष्ट्रीय भाषा-माहितीच्या कोशात देवनागरी अंक हेच मूळ अंक म्हणून नोंदलेले आहेत. त्यामुळे ब्राउझर मराठीत असेल, तर तीच सोय ‘१५/८/२०२४’ असे लिहिते.

वाचायला ते छानच आहे. घोटाळा होतो तो प्रोग्रॅमरने हीच दाखवायची तारीख पुढे हिशेबालाही वापरली की. जावास्क्रिप्टला ‘२०२४’ ही अक्षरे आकडा म्हणून कळत नाहीत. वय मोजायला गेले की उत्तर येते ‘नॅन’, म्हणजे ‘हा आकडा नाही’. तोच अर्ज मुंबईतल्या इंग्रजी फोनवर चालतो, हिंदी फोनवर चालतो आणि मराठी फोनवर ‘जन्मतारीख चुकीची आहे’ म्हणून परत पाठवतो. चाचणीसाठी हिंदी फोन घेतला म्हणजे भारतीय भाषा तपासून झाल्या, असे समजणाऱ्यांची इथे गाठ पडते. उपाय साधा आहे : दाखवायची तारीख वेगळी, साठवायची वेगळी.

परदेशातल्या मराठी मंडळींना याचाच एक भाऊबंद भेटतो. वर्ष-महिना-दिवस अशी नुसती तारीख दिली की जावास्क्रिप्ट ती ग्रीनिचच्या मध्यरात्रीची समजते. भारतात तेव्हा पहाटेचे साडेपाच झालेले असतात, दिवस तोच राहतो. न्यू जर्सीत मात्र आदल्या दिवशीची संध्याकाळ असते. तिथून अर्ज भरणाऱ्याची १५ ऑगस्टची जन्मतारीख १४ ऑगस्ट दिसू लागते. पुण्यात बसून हा दोष शोधणाऱ्याला तो दिसणे शक्यच नाही. संगणकाचे घड्याळ अमेरिकेच्या वेळेवर लावले तरच तो दिसतो.

मग दोष सापडतो कसा?

पहिली पायरी म्हणजे दोष आपल्या टेबलावर पुन्हा घडवून आणणे. निम्मे काम इथेच होते आणि निम्मा वेळही इथेच जातो. अभियांत्रिकीच्या चार वर्षांत आम्हाला कोड लिहायला शिकवले. तक्रार करणाऱ्याला नेमके काय विचारायचे, ते कोणी शिकवले नाही. त्याच फोनवर दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडते का? त्याच ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत उघडते का? तिथे उघडत असेल तर संशय जुन्या कुकीवर, साठलेल्या फाइलवर किंवा एखाद्या एक्स्टेन्शनवर. तिथेही नाही, पण दुसऱ्या फोनच्या त्याच ब्राउझरमध्ये उघडते? मग आवृत्ती आणि भाषा पाहायची. कोणत्याच आयफोनवर उघडत नाही, सगळ्या अँड्रॉइडवर उघडते? मग वेबकिट.

यानंतर कन्सोल. संगणकावर एफ १२ दाबले की तो उघडतो. फोनला तशी कळ नाही. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी डिबगिंग सुरू करून तो केबलने संगणकाला जोडला की फोनवरच्या पानाचा कन्सोल संगणकावरच्या क्रोममध्ये दिसतो. आयफोनसाठी सफारीच्या प्रगत सेटिंगमधले ‘वेब इन्स्पेक्टर’ सुरू करायचे आणि जोडायला मॅक हवा. चार-पाच जणांच्या कंपनीत मॅक नसला की आयफोनचे दोष अंदाजाने दुरुस्त केले जातात. ही अडचण सोडवायला खरे फोन दुरून भाड्याने वापरू देणाऱ्या सेवा निघाल्या. त्यातली सर्वाधिक ओळखीची ब्राउझरस्टॅक ही आयआयटी मुंबईच्या रितेश अरोरा आणि नकुल अगरवाल यांनी २०११ मध्ये मुंबईतच सुरू केली.

क्रोममध्ये पडदा ‘आयफोनच्या आकाराचा’ करून पाहण्याची सोय आहे. अनेक जण त्यालाच आयफोनवरची चाचणी समजतात. आकार आयफोनचा असतो, इंजिन ब्लिंकच राहते. उदाहरण द्यायचे तर, पानाची उंची ‘पडद्याच्या शंभर टक्के’ ठेवली की फोनवर ती ॲड्रेस बारमागची जागाही धरून मोजली जाते. परिणामी तळाचे ‘सबमिट’ बटण पडद्याबाहेर जाते. संगणकावरच्या नकली आयफोनला ॲड्रेस बार नसतोच, म्हणून तिथे बटण दिमाखात दिसते. बार आहे-नाही हे पाहून मोजणारे नवे माप सफारी आणि क्रोममध्ये २०२२ मध्ये आले.

कन्सोलही गप्प असेल, तर अर्धे-अर्धे करत जायचे. पानातला निम्मा कोड काढायचा, दोष राहिला का पाहायचे, उरलेल्याचे पुन्हा दोन भाग. कोडमध्ये गेल्या काही महिन्यांत हजार बदल झाले असतील, तरी याच रीतीने दहा फेऱ्यांत नेमका बदल हाती लागतो. शेवटी दहा-पंधरा ओळींचे एक छोटे पान उरते, ज्यात दोष दिसतो आणि दुसरे काहीच नसते. आपली चूक की ब्राउझरची, हे त्यावरून ठरते. ब्राउझरची असेल, तर हेच छोटे पान त्यांच्या बग नोंदवहीत पाठवायचे असते.

ब्राउझर ओळखून प्रत्येकाला वेगळा कोड दिला तर?

ही वाट बरीच मळलेली आहे आणि तिच्यावर खड्डेही तेवढेच. प्रत्येक ब्राउझर संकेतस्थळाला आपली ओळख सांगतो, पण ती ओळख म्हणजे इतिहासाची खिचडी आहे. क्रोम स्वतःला एका दमात मोझिला, ॲपलवेबकिट, गेकोसारखा, क्रोम आणि सफारी असे सगळेच म्हणवतो, कारण ही नावे पाहूनच चांगले पान देणारी संकेतस्थळे एके काळी होती. ऑपेराची दहावी आवृत्ती आली तेव्हा कित्येक ठिकाणी दहामधला फक्त ‘एक’ वाचला जाई. शेवटी ऑपेराने आपली ओळख ‘९.८०’ अशीच ठेवली. क्रोम मार्च २०२२ मध्ये तीन आकडी, म्हणजे १०० वर पोहोचला तेव्हाही हीच धास्ती होती. म्हणून जाणते लोक ‘तू कोण’ असे न विचारता ‘तुला हे येते का’ असे विचारतात. येत असेल तर वापरायचे, नसेल तर साधा पर्याय द्यायचा.

गंमत म्हणजे ब्राउझरही संकेतस्थळांना ओळखून वेगळे वागतात. वेबकिटच्या कोडमध्ये ठरावीक संकेतस्थळांची नावे घालून केलेल्या डागडुजीची एक फाइलच आहे. फायरफॉक्समध्ये अशी यादी वापरकर्त्यालाही पाहता येते. मोठ्या संकेतस्थळांचे दोष असे झाकले जातात, जिल्ह्याच्या ठिकाणच्या एखाद्या पतसंस्थेचे पान त्या यादीत जाण्याची शक्यता कमी. २०२२ पासून ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला ‘इंटरऑप’ या उपक्रमात दरवर्षी काही सोयी निवडून त्या सगळ्या इंजिनांत सारख्या चालतील असे पाहतात. त्याने फरक पडला आहे, मात्र नव्या फोनपुरता. जुन्या फोनवर अडकलेले इंजिन आहे तिथेच राहते.

आपण काय करावे?

लिंक फेसबुक किंवा इन्स्टाग्राममधून उघडली असेल, तर आधी ती बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडा. ॲपच्या आत उघडणारी खिडकी हा पूर्ण ब्राउझर नसतो. अँड्रॉइडवर तर फोटो किंवा कागदपत्र निवडण्याची सोय त्या ॲपने स्वतः जोडलेली नसेल, तर ‘अपलोड’ दाबूनही काहीच होत नाही. अर्धा अर्ज भरून झाल्यावर कोणी ‘कुकी आणि कॅशे साफ करा’ असे सांगितले, तर आधी इन्कॉग्निटो खिडकीत उघडून पाहा. साफसफाईत अर्धा भरलेला अर्जही जाऊ शकतो.

पैसे कापले गेले आणि अर्जावर नोंद नसेल, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. बँकेचा व्यवहार क्रमांक आणि वेळ टिपून ठेवा, दुसऱ्या ब्राउझरमधून लॉगिन करून शुल्काची स्थिती पाहा. पैसे कापूनही विक्रेत्याच्या प्रणालीपर्यंत पुष्टी पोहोचली नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार व्यवहारानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत मिळायला हवी. त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. मात्र पैसे संस्थेच्या खात्यात पोहोचले आणि फक्त परतीचे पान अडले असेल, तर रक्कम आपोआप परत येणार नाही. तिथे संस्थेलाच गाठावे लागते.

तक्रार लिहिताना ‘साइट चालत नाही’ एवढ्यावर थांबू नका. फोनचे मॉडेल, अँड्रॉइड किंवा आयओएसची आवृत्ती, ब्राउझरचे नाव आणि आवृत्ती, फोनची भाषा, कोणत्या पानावर कोणते बटण दाबल्यावर अडले, त्या वेळचा स्क्रीनशॉट आणि दुसऱ्या कुठल्या फोनवर तेच पान चालले, एवढे द्या. क्रोममध्ये आवृत्ती सेटिंगच्या तळाशी ‘क्रोमविषयी’ या ओळीत सापडते. आयफोनवर सेटिंगमधल्या ‘जनरल’मध्ये ‘अबाउट’ उघडले की आयओएसची आवृत्ती दिसते.